बंद पेटीचे गणित

जपानमधील शहरांत रेल्वे स्थानकांच्या आवारात, खेळण्यांच्या दुकानांच्या दारांशी आणि मोठ्या बाजारांच्या जिन्यांजवळ एका प्रकारची यंत्रे ओळीने मांडलेली दिसतात. यंत्राच्या वरच्या भागी एक पारदर्शक पेटी असते व तिच्यात लिंबाएवढे पोकळ प्लास्टिकचे गोळे भरलेले असतात. प्रत्येक गोळ्यात एकेक चिमुकले खेळणे असते. खाचेत नाणे सरकवून मूठ फिरवली, की आतले चाक फिरते आणि एक गोळा घरंगळत खालच्या कप्प्यात येऊन पडतो. मूठ फिरतानाचा आवाज जपानी मुलांच्या कानांना 'गाचा' असा ऐकू आला आणि गोळा पडतानाचा 'पोन' असा. त्यावरून या यंत्राला 'गाचापोन' हे नाव पडले. १९६५ साली ही यंत्रे अमेरिकेतून जपानात आली. त्या काळी एका गोळ्यासाठी १० येन पुरत असत. आज काही शे येन मोजावे लागतात. किंमत वाढली तरी मुलांची गर्दी मात्र ओसरलेली नाही.

गोळा उघडेपर्यंत आत काय आहे हे कळत नाही, यातच या खेळाची सारी गंमत आहे. तथापि या यंत्राचा एक गुण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. हे यंत्र हळूहळू रिकामे होत जाते. समजा, पेटीत १०० गोळे आहेत आणि त्यांपैकी एकाच गोळ्यात सोनेरी हत्ती आहे. पहिल्या वेळी हत्ती मिळण्याचा संभव १०० मध्ये १ इतका असतो. पन्नास गोळे निघून गेले आणि हत्ती अद्याप बाहेर आला नाही, तर उरलेल्या ५० गोळ्यांत तो असलाच पाहिजे. म्हणजे संभव ५० मध्ये १ झाला. नव्व्याण्णव गोळे निघाल्यावर जो उरला, त्यात हत्तीच असणार. मध्यंतरी दुकानदाराने नवे गोळे भरले नसतील, तर या यंत्रापुढे उभा राहून "आता हत्ती लवकर यायला हवा," असे म्हणणाऱ्या मुलाचा तर्क अगदी बिनचूक आहे.

हाच तर्क घेऊन तो मुलगा घरी गेला आणि व्हिडिओ गेम खेळू लागला, की मात्र त्याची फसगत होते. ती कशी, हे समजण्यासाठी गाचापोन यंत्र पडद्यावर कसे आले ते पाहिले पाहिजे.

दक्षिण कोरियात तयार झालेला 'मेपलस्टोरी' नावाचा एक व्हिडिओ गेम आहे. त्याच्या जपानी आवृत्तीत २००४ साली एक नवी सोय झाली. १०० येन देऊन एक तिकीट घ्यावयाचे, ते खेळातल्या चित्रमय गाचापोन यंत्रात घालावयाचे आणि जी वस्तू बाहेर येईल ती आपल्या पात्रासाठी वापरावयाची. पुढे मोबाइल फोनवरील खेळांत ही कल्पना झपाट्याने पसरली. कोठे तिला यंत्राचे रूप मिळाले, कोठे पत्त्यांच्या पुडक्याचे, तर कोठे कुलूपबंद पेटाऱ्याचे. पाश्चात्त्य देशांत अशा पेटाऱ्याला 'लूट बॉक्स' म्हणू लागले. यातला 'लूट' हा शब्द इंग्रजी भाषेने आपल्याच देशातून उचलून नेलेला आहे. तो पेटीवर बसून परत आला, एवढेच.

पडद्यावर पेटीचे झाकण उघडते, प्रकाशाचे झोत उसळतात, वाद्ये वाजतात आणि मग आतली वस्तू प्रकट होते. पाहणाऱ्याला वाटते की, वस्तू आधीपासून पेटीत होती व आता ती दिसली. वस्तुतः आत काहीच नसते. पेटी हे केवळ चित्र आहे. खेळाडूने बटण दाबताच कंपनीच्या संगणकात एक संख्या निवडली जाते. समजा, ती १ ते १००० यांमधली कोणतीही असू शकते. ती १ ते १० यांपैकी निघाली तर दुर्मीळ तलवार द्यावयाची, ११ ते १०० यांपैकी निघाली तर चांगली ढाल द्यावयाची, आणि त्यापुढील कोणतीही निघाली तर साधी टोपी किंवा रंगाचा डबा द्यावयाचा, असा नियम आधीच लिहून ठेवलेला असतो. एका क्षणात निकाल लागतो. प्रकाशाचे झोत आणि वाद्यांचा गजर त्यानंतर सुरू होतो.

दुसऱ्यांदा बटण दाबले, की पुन्हा त्या हजारही संख्या निवडीसाठी हजर असतात. घरी चिठ्ठ्या टाकण्याचा खेळ खेळताना काढलेली चिठ्ठी परत डब्यात टाकून डबा खळखळून हलवावा, तसाच हा प्रकार आहे. जपानी यंत्रातून गोळा गेला तो गेला. तेथे पेटी रिकामी होत जाते. संगणकातील पेटी कितीही उपसली तरी भरलेलीच राहते. म्हणून यंत्रापुढे खरा ठरणारा "आता येणारच" हा तर्क येथे खोटा ठरतो.

वरील उदाहरणात तलवारीच्या वाट्याला हजारातल्या १० संख्या, म्हणजे १०० मध्ये १ इतका संभव आला. याला १ टक्का संभाव्यता म्हणतात. "१ टक्का म्हणजे १०० पेट्या उघडल्या की एक तलवार," असा हिशेब पुष्कळ जण, मोठी माणसेसुद्धा, करतात. तो खरा आहे की नाही हे गुणाकाराने तपासून पाहता येते. एका पेटीत तलवार न निघण्याचा संभव १०० पैकी ९९, म्हणजे ०.९९ असतो. दोन्ही पेट्यांत ती न निघण्याचा संभव ०.९९ गुणिले ०.९९, म्हणजे ०.९८०१ होतो. तिसऱ्या पेटीसाठी पुन्हा ०.९९ ने गुणावयाचे. असे गुणत गेले म्हणजे ६९ व्या पेटीपाशी उत्तर जवळजवळ ०.५ येते. याचा अर्थ असा की, ६९ पेट्या उघडणाऱ्या खेळाडूंपैकी निम्म्यांना तोवर एकही तलवार मिळालेली नसते. शंभराव्या पेटीपाशी उत्तर ०.३७ येते. शंभर खेळाडूंनी प्रत्येकी शंभर पेट्या उघडल्या, तरी त्यांच्यातले सुमारे ३७ जण तसेच राहतात. दोनशे पेट्यांनंतरही सुमारे १३ जण आणि तीनशेनंतरही ५ जण उरतात. गुणाकार कितीही लांबवला तरी उत्तर शून्य कधीच येत नाही. 'नक्की मिळेल' असे म्हणता येईल अशी पेटी या रांगेत नाहीच.

आता हेच आकडे एखाद्या वर्गात आणून पाहावे. वर्गात ४० मुले आहेत, प्रत्येकाजवळ वाढदिवसाला मिळालेले ५०० रुपये आहेत आणि पेटी १० रुपयांना एक मिळते, असे समजू. प्रत्येकाने सगळे पैसे खर्चून ५० पेट्या उघडल्या. ०.९९ ला पन्नास वेळा गुणले तर ०.६ च्या किंचित वर उत्तर येते. त्या हिशेबाने सुमारे २४ मुलांचे पैसे संपतील आणि तलवार मिळणार नाही. उरलेल्या १६ जणांना ती मिळेल. एखाद्याला तर तिसऱ्याच पेटीत मिळून जाईल. दुसऱ्या दिवशी शाळेत काय ऐकू येईल? तलवार मिळालेली सोळा मुले मधल्या सुट्टीत ती सगळ्यांना वर्णन करून सांगतील. राहिलेली चोवीस मुले गप्प बसतील. पाचशे रुपये टोप्यांत गेले हे मुद्दाम कोण सांगतो? ऐकणाऱ्या मुलाला वाटेल की तलवार जवळजवळ सगळ्यांनाच मिळते. इंटरनेटवर पेट्या उघडण्याची जी चित्रे दाखवली जातात, त्यांतही आनंदाने उड्या मारणाराच बहुधा दिसतो. संभाव्यतेचा अंदाज कानांवर विसंबून करू लागले, की तो असा चुकतो.

संगणकाच्या पेटीला मागचे काही आठवत नाही, ही गोष्ट नाण्याच्या उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. २०२३ च्या विश्वचषक स्पर्धेच्या अंतिम सामन्यापासून भारताचा पुरुष क्रिकेट संघ एकदिवसीय सामन्यांत लागोपाठ २० वेळा नाणेफेक हरला. ही मालिका डिसेंबर २०२५ मध्ये विशाखापट्टणमच्या सामन्यात एकदाची तुटली. लागोपाठ २० नाणेफेकी हरण्याचा संभव आधीच काढावयाचा म्हटले, तर तो १०,४८,५७६ मध्ये १ इतका अल्प येतो. यावरून कित्येकांनी "आता तरी जिंकलेच पाहिजे" असा हट्ट धरला होता. परंतु एकविसाव्या वेळी नाणे हवेत उडाले, तेव्हा त्याला आधीच्या वीस फेकींची काय वार्ता! छापा किंवा काटा, दोहोंचा संभव तेव्हाही निम्मा निम्माच होता. भारत नाणेफेक जिंकला, ते नाण्याला दया आली म्हणून नव्हे.

असे हिशेब मनुष्याने फार उशिरा केले. फासे मात्र तो फार पूर्वीपासून खेळत आला आहे. महाभारतातील नळाच्या आख्यानात या संबंधीचा एक मोठा मनोवेधक प्रसंग आहे. द्यूतात राज्य गमावलेला नळ बाहुक नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे सारथ्य करीत होता. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून ऋतुपर्ण विदर्भाकडे निघाला, तेव्हा वाटेत एक बेहड्याचे झाड लागले. बेहड्याची फळे प्राचीन काळी फाशांसारखी वापरीत. ऋतुपर्णाने झाडाकडे नजर टाकून पानांची आणि फळांची संख्या सांगितली. दोन फांद्यांवरील फळे त्याने २०९५ सांगितली. नळाचा विश्वास बसेना. त्याने रथ थांबवला, फळे मोजली, आणि संख्या बरोबर निघाली. मग ऋतुपर्णाने सांगितले की, फाशांचे मर्म आणि मोजणी ही दोन्ही आपल्याला अवगत आहेत. नळाने अश्वविद्या देऊन त्याच्याकडून ती अक्षविद्या घेतली, आणि त्याच क्षणी नळाच्या देहात इतके दिवस दडून बसलेला कली बाहेर पडला. फासे खेळण्याचे कौशल्य आणि झाडावरील फळांची मोजणी या दोन गोष्टी एकत्र बांधणाऱ्या त्या कथाकाराला काहीतरी नेमके जाणवले होते, यात शंका नाही.

त्या मर्माला गणिताचे पक्के रूप आले ते युरोपात. १६५४ साली ब्लेझ पास्कल आणि पिएर द फेर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांनी जुगारातल्या काही प्रश्नांविषयी एकमेकांना पत्रे लिहिली. अर्ध्यावर थांबलेल्या डावातील पैसे दोघा खेळाडूंत न्यायाने कसे वाटावेत, हा त्यांतील मुख्य प्रश्न होता. संभाव्यतेच्या गणिताचा आरंभ या पत्रव्यवहारापासून मानतात. आज विम्याचा हप्ता ठरवणारे आणि पावसाचा अंदाज वर्तवणारे तेच गणित वापरतात. लूट बॉक्स तयार करणारेही तेच वापरतात.

एकच दुर्मीळ वस्तू मिळवणे कठीण आहे. परंतु अनेक वस्तूंचा संपूर्ण संच जुळवणे त्याहूनही फसवे आहे. जपानी मोबाइल खेळांत २०१२ च्या सुमारास 'कोम्पु गाचा', म्हणजे 'संपूर्ण गाचा', नावाचा एक प्रकार फार बोकाळला होता. यात पैसे देऊन एकेक पत्ता काढावयाचा. ठरावीक सहा, आठ किंवा दहा निरनिराळे पत्ते जमले, की मोठे बक्षीस मिळे. बक्षीस विकत मिळत नसे. ते संच पूर्ण करणाऱ्यालाच मिळे.

यातील मेख कळण्यासाठी लुडोचा एक फासा पुरेसा आहे. फाशावर १ ते ६ हे सहाही आकडे एकदा तरी पडेपर्यंत तो टाकत राहावयाचे आणि एकूण किती वेळा टाकावा लागला ते मोजावयाचे. पहिल्या वेळी कोणताही आकडा पडला तरी तो नवाच असतो. दुसरा नवा आकडा मिळण्याचा संभव सहापैकी पाच आहे. त्यासाठी सरासरीने ६ भागिले ५, म्हणजे १.२ फेकी लागतात. तिसऱ्यासाठी ६ भागिले ४, म्हणजे १.५, चौथ्यासाठी २, पाचव्यासाठी ३. सहावा, म्हणजे राहिलेला एकच आकडा, पडण्याचा संभव सहापैकी एक असल्यामुळे त्याच्यासाठी सरासरीने ६ फेकी लागतात. सगळ्यांची बेरीज १४.७ येते.

या बेरजेचे शेवटचे पद नीट पाहण्यासारखे आहे. पाच आकडे जमले, की सहा हिश्शांपैकी पाच हिस्से काम उरकले असे मनाला वाटते. प्रत्यक्षात तोवर सरासरीने ८.७ फेकी झालेल्या असतात आणि आणखी ६ बाकी असतात. एकट्या शेवटच्या आकड्याला पहिल्या चारांपेक्षा अधिक फेकी लागतात! चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाने हा प्रयोग केला, तर वीस फेकी टाकूनही सुमारे सहा मुलांचा संच अपुरा असेल. तिसाव्या फेकीनंतरही एखादा बिचारा एकाच आकड्याची वाट पाहत फासा टाकत बसलेला असेल. आणि फाशाच्या सहाही बाजू तरी सारख्या असतात. कोम्पु गाचाच्या संचात एखादा पत्ता इतरांहून पुष्कळ दुर्मीळ ठेवता येई. तो १ टक्का संभवाचा असला, तर त्या एकट्यासाठीच सरासरीने १०० वेळा पैसे द्यावे लागत.

जपानला ही युक्ती नवीन नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे कॅरमेलच्या गोळ्यांच्या पाकिटांत बेसबॉल खेळाडूंची चित्रे घालीत आणि ठरावीक चित्रांचा संच जमवणाऱ्याला बक्षीस देत. मुले चित्रांसाठी पाकिटामागून पाकीट विकत घेत. गोळ्या राहिल्या बाजूला. पुढे, निरनिराळी चित्रे जुळवण्यावर बक्षीस ठेवून माल विकण्याला त्या देशात बंदी झाली. मे २०१२ मध्ये कोम्पु गाचा हा याच जुन्या नियमात बसतो, अशा बातम्या वृत्तपत्रांत आल्या. लगेच असे खेळ चालवणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या समभागांचे भाव शेअर बाजारात कोसळले. १८ मे रोजी जपानच्या ग्राहक व्यवहार संस्थेने तसा निर्णय जाहीर केला आणि १ जुलैपासून तो अंमलात आला. साध्या गाचाला मात्र हात लावला गेला नाही. गमतीची गोष्ट ही की, ज्या जोरावर हा धंदा एवढा फोफावला, तो जोर ६ भागिले १ या साध्या भागाकारातला होता.

हिशेब असा उघड असताना मोठी माणसेही पेट्या का उघडत राहतात, याचे थोडे उत्तर कबुतरांच्या एका प्रयोगात सापडते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर व चार्ल्स फर्स्टर यांनी असे पुष्कळ प्रयोग केले आणि १९५७ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. पेटीत ठेवलेल्या कबुतराने भिंतीवरील चकतीवर चोच मारली की त्याला दाणे मिळत. ठरावीक संख्येइतक्या चोची मारल्यावर दाणे मिळण्याची व्यवस्था असे, तेव्हा दाणे खाऊन झाल्यावर कबूतर थोडा वेळ स्वस्थ राही. परंतु दाणे कधी थोड्या चोचींनंतर, तर कधी पुष्कळ चोचींनंतर, अशा अनिश्चित रीतीने मिळू लागले, की कबूतर विसावा न घेता एकसारखे चोच मारीत राही. पुढची चोच दाण्याची असेल की नाही हे न कळणे हेच त्याला तेथे खिळवून ठेवी. मनुष्य कबुतराहून शहाणा आहे खरा, पण पेटीपुढे बसल्यावर तो शहाणपणा थोडा आठवावा लागतो.

चीनने १ मे २०१७ पासून असा नियम केला की, लूट बॉक्समधील वस्तूंची संभाव्यता खेळ चालवणाऱ्यांनी जाहीर केलीच पाहिजे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ॲपल कंपनीनेही आपल्या ॲप स्टोअरमधील खेळांना हीच अट घातली. बेल्जियम आणखी पुढे गेला. तेथील जुगार नियंत्रण आयोगाने २०१८ साली पैसे देऊन उघडावयाचे लूट बॉक्स हा जुगारच होय, असे ठरवले. पुष्कळ खेळांत आता संभाव्यतेचे कोष्टक कोठे तरी आढळते. ते बहुधा बारीक अक्षरांत व एखाद्या कोपऱ्यातील बटणामागे असते. प्रकाशाचे झोत त्याच्यावर पडत नाहीत. पण ते सापडले, की एक अत्यंत उपयुक्त भागाकार करता येतो. पेटीची किंमत १० रुपये आणि तलवारीचा संभव १०० मध्ये १ असेल, तर १० ला १/१०० ने भागावे. उत्तर १००० येते. तलवारीची सरासरी किंमत १००० रुपये झाली. कोणत्याही दुकानात वस्तूवर किंमतीची चिठ्ठी असते. येथे चिठ्ठीवर १० रुपये लिहिलेले असतात, पण ती किंमत तलवारीची नसून पेटीची असते.

काही खेळांत 'हमी' असते. २०२० साली निघालेल्या 'गेन्शिन इम्पॅक्ट' या चिनी खेळातील पात्रांच्या सोडतीत सर्वांत वरच्या दर्जाची वस्तू मिळण्याची मूळ संभाव्यता ०.६ टक्के अशी जाहीर केलेली आहे. परंतु लागोपाठ ८९ वेळा ती मिळाली नाही, तर ९० व्या वेळी ती देण्याची हमी आहे. येथे संगणक मुद्दाम मोजदाद ठेवतो. पेटीला विस्मरणाचा जो नियम वर सांगितला, त्याला हा जाणूनबुजून केलेला अपवाद होय. हमी धरून हिशेब केला, तर सरासरी १.६ टक्के पडते, असेही तेथे नमूद आहे. वाचणाऱ्याने मात्र येथे एक गोष्ट विसरू नये. हमी वरच्या दर्जाच्या वस्तूची आहे; आपल्याला हवे असलेले विशिष्ट पात्रच पहिल्या खेपेस येईल असे नाही. ते हुकले तर पुढच्या खेपेस येते, आणि नशीब अगदीच वाईट असले तर ९० ची संख्या १८० वर जाते.

जाहीर केलेले आकडे किती मोलाचे असतात, हे दक्षिण कोरियातील एका प्रकरणाने दाखवून दिले. हे प्रकरण ज्या मेपलस्टोरी खेळात २००४ साली गाचापोनची तिकिटे आली होती, त्याच खेळातले आहे. त्यात पुढे 'क्यूब' नावाची एक वस्तू पैशांनी मिळू लागली. ती वापरली की पात्राच्या शस्त्राला तीन गुण जोडले जात. कोणते, ते संगणकाच्या निवडीवर अवलंबून असे. काही गुणांना खेळाडूंची मोठी मागणी होती. तोच गुण तिन्ही जागी यावा म्हणून ते क्यूबमागून क्यूब विकत घेत. कोरियाच्या वाजवी व्यापार आयोगाने चौकशी केली, तेव्हा असे आढळले की, २०१० पासून अशा हव्याहव्याशा गुणांची संभाव्यता खेळाडूंना न कळवता कमी करण्यात आली होती, आणि काही जुळण्यांची संभाव्यता तर चक्क शून्यावर आणून ठेवली होती. पुढच्या क्यूबमध्ये ती जुळणी निघेल म्हणून वाट पाहणाऱ्याला ती कधीच निघणार नव्हती. जानेवारी २०२४ मध्ये आयोगाने कंपनीला सुमारे १,१६० कोटी वोन दंड ठोठावला.

१ टक्का संभव असता, तर ०.९९ ला गुणत जाऊन आपण कोठवर आलो हे खेळाडूला पाहता आले असते. पण त्याच्यापुढे आकडाच नव्हता. शेकडो क्यूब वाया गेल्यावर त्याने फार तर आपल्या दैवाला दोष दिला असेल. २२ मार्च २०२४ पासून दक्षिण कोरियात अशा विक्रीच्या वस्तूंची संभाव्यता जाहीर करणे कायद्याने सक्तीचे झाले, आणि जाहीर केलेले आकडे पाळले जातात की नाही यावर लक्ष ठेवण्यासाठी सरकारी देखरेख सुरू झाली.